अर्ध्या सेकंदाची ओहोटी

१

तिसऱ्या दिवशी सदा कोळी सापडला, तो आगरदांड्याच्या बाजूला, खारफुटीच्या मुळांत. खाडीने त्याला इकडून उचलून तिकडे नेऊन ठेवलं होतं. त्याची होडी मात्र मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर धडधाकट उभी होती. नाकाशी बांधलेल्या दोराचं तुटकं टोक तेवढं पाण्यात लोंबत होतं.

पौर्णिमेच्या उधाणात होडी सुटली आणि पहाटे तिच्यामागे सदा गेला, एवढं सगळ्यांना कळलं. पण होडी सुटली कशी? उधाणाच्या दिवशी होडीला दोन दोर असतात, पुढून एक आणि मागून एक. पुढचा एकटा असला की होडी रात्रभर फिरत राहते, दोर दगडी पायरीवर घासतो आणि शेवटी तुटतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग मागचा दोर कुठे होता?

याचं उत्तर गावाला मोबाइलवर मिळालं. बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर गावच्या मंडळाचा कॅमेरा बसवलेला आहे. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर पाच मिनिटांनी तो खाडीचा एक फोटो काढतो. ते फोटो जोडून कॅमेरा सांभाळणारा हर्षद रोज छोटा टाइमलॅप्स करतो आणि 'खाडीचा दिवस' नावाच्या पानावर टाकतो. पाणी श्वास घेतल्यासारखं वर येतं, खाली जातं, होड्या मुंग्यांसारख्या पळतात. मुंबईला, सुरतेला गेलेली इथली माणसं ते बघून उसासे टाकतात.

पौर्णिमेच्या दिवसाचा व्हिडिओ देवळापुढच्या बैठकीत सगळ्यांनी बघितला. सदाच्या होडीला पुढचा जाड दोर दिसत होता. मागे काहीच नव्हतं, सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही.

"इंजिन साफ करायला सकाळी ओंकारच चढला होता," मच्छीमार सोसायटीचे चेअरमन अनंता म्हणाले. "होडी हलवली आन् परत एकाच दोरावर टाकली. आळस. बापाचा जीव घेतला आळसानं."

ओंकार म्हणजे सदाचा मुलगा. "दोन बांधले होते," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. दहाव्या वेळी बोलता बोलता थांबला. मोबाइल हातात घेऊन त्याने तो व्हिडिओ परत बघितला, परत बघितला, आणि पुटपुटला, "दिसत न्हाय. म्हणजे नसंलच बांधला."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो घर सोडून गेला.

आता पौर्णिमेला सव्वीस दिवस झाले होते. दिघीच्या रस्त्यावर नूतनचा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, हळदी, बारशी यांत तिची वीस वर्षं गेली. तिच्यासमोर ओंकारची बहीण प्रणाली उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"ताई, दादानं दोन बांधले होते. मी पायरीवर उभी होते. पण माझं कोण ऐकतंय? व्हिडिओ खोटं बोलतो का, असं विचारतात मला."

नूतनने तो व्हिडिओ लावला. खाडी आली, गेली, संपली. तिने पुन्हा लावला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"प्रणाली, हा एवढा धूसर का गं? हर्षदचे बाकीचे व्हिडिओ तर आरशासारखे असतात."

२

सदाचं घर खाडीच्या काठाला, दारात शेणानं सारवलेलं अंगण. पुढे वलांडी, म्हणजे बांबू रोवून त्यांवर ताणलेले दोर. या दोरांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून सुकत घालतात. आता अंगण बहुतेक रिकामं होतं. एका दोरावर तेवढे बोंबील होते, आणि ते सुकून, काळे पडून, काटकीसारखे झाले होते. खाली वाकून जाताना, बोंबिलांआड दडलेलं त्या हिरव्या दोराचं टोक नूतनच्या केसांत अडकलं. टोकाला लाल टेप गुंडाळलेली होती.

"हे काढले नाहीत गं?" तिने प्रणालीला विचारलं.

"आई हात लावू देत न्हाय. बाबा असतानाचे हायत म्हणून असंल."

सदाची बायको केसर चुलीपाशी बसली होती. चूल थंड होती. जिच्या हाकेने पलीकडच्या तीरावरची बाई वळून बघायची, ती केसर आता भिंतीच्या कडेला ठेवलेल्या गाठोड्यासारखी बसून होती.

"काकी, मी नूतन. ओंकारबद्दल विचारायला आले."

केसर काटकीने चुलीतली राख सारखी करत राहिली.

"तुम्हाला काय वाटतं, एकच दोर बांधला असेल त्याने?"

बाहेर टिटवी ओरडली. मग केसर चुलीतल्या राखेला सांगितल्यासारखं म्हणाली, "माझा पोरगा खोटं बोलत न्हाय."

"मग त्याच्याशी बोलला का नाहीत? तो गेला तेव्हा थांबवलं का नाहीत?"

केसरने तोंडात पदराचा बोळा कोंबला. खांदे हलले, पण आवाज आला नाही.

अंगणात आल्यावर प्रणाली म्हणाली, "बाबा सापडले त्या दिवसापासून आई दादाकडं बघतच न्हाय. जेवायला वाढायची, ते पण मान वळवून. दादा त्याच्यानंच गेला, ताई. गावाच्या बोलण्यानं न्हाय. मला म्हणाला, आईनं एकदा शिवी दिली असती तरी मी राहिलो असतो."

आई म्हणते पोरगा खोटं बोलत नाही, आणि त्याच पोराचं तोंड बघत नाही. नूतनला हे कोडं दोरापेक्षा अवघड वाटलं.

३

सदाशी कुणाचं वाकडं होतं का, असं विचारलं की सगळे एकच नाव घेत. दीपेश. त्याची होडी सदाच्या शेजारच्या खुंट्याला असते, आणि दोन वर्षांपूर्वी त्या खुंट्यावरून हाणामारी झाली होती.

दीपेश धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. नूतनला बघून हसला.

"या ताई. शूटिंगला आल्या का? माझा चांगल्या बाजूचा फोटू काढा, डाव्या बाजूनं दात पडलाय."

"पौर्णिमेच्या दिवशी कुठे होतास?"

"आली का पोलीसगिरी!" त्याचं हसू मावळलं. "सदादाशी मी भांडलो, व्हय. तोंडावर भांडलो. पण दुसऱ्याचा दोर सोडील तो कोळी न्हाय, ताई. उधाणाचा तर न्हायच न्हाय. बायको पळवली तर पंचात मिटंल, दोर सोडला तर मिटत न्हाय."

"दिवसभर इथंच होतास?"

"तीनला फेरीनं आगरदांड्याला गेलो, डिझेल आणायला. सातला आलो. फेरीवाल्याला विचारा, सुट्ट्या पैशावरून त्याच्याशीपण भांडलो."

"तू नसताना धक्क्यावर कोण असतं?"

"ओहोटीला? कोण असतंय! होड्या चिखलात बसलेल्या असतात. गडी झोपलेले. बाया येतात कालवं-शिंपल्या काढायला, न्हायतर आपलंच सामान पळवायला. आमची घरवाली मागल्या म्हयन्यात माझा जाळ्याचा दोर घेऊन गेली, गोधड्या वाळत घातल्या त्याच्यावर. मी शोधतोय आपला चार दिवस." तो पुन्हा हसला आणि सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"ओंकार भेटला होता मला," खाली बघत तो म्हणाला. "उरणला, करंज्याच्या धक्क्यावर. मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून चढला होता. दाढी वाढलेली. नंबर मागितला तर दिला न्हाय. कोपऱ्यात बसून मोबाइलवर आपल्या खाडीचाच व्हिडिओ लावत होता. त्या दिवसाचा न्हाय. रोजचा. पाणी वर येतंय, खाली जातंय, तेच बघत होता." त्याने दाताने सुतळी तोडली. "दुसऱ्या दिवशी प्रणाली आणि अनंताशेठ पोचले, तोवर तो दुसऱ्या बोटीवर गेलेला. गुजरातकडं, म्हणतात."

फेरीवाल्याने भांडणाची आठवण शिव्यांसकट सांगितली. धक्का ओस पडतो त्या वेळात, तीन ते सात, दीपेश खाडीपलीकडे होता. संशय घ्यायला होता तो एक माणूस, तोही निसटला. नूतनच्या हाती आता फक्त तो धूसर व्हिडिओ उरला.

४

स्टुडिओचं दार लोटून नूतन संगणकापुढे बसली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा व्हिडिओ तिने उतरवून घेतला. तो मोठ्या आकाराचा, फोर-के होता. दुपारी सदाची होडी येते, ओंकार उतरतो, वाकतो. तिने चित्र थांबवून मोठं केलं. पुढे जाड पांढरा दोर होता. मागे केसाएवढी एक हिरवी रेघ होडीपासून खुंट्यापर्यंत गेली होती, आणि खुंट्यावर एक लाल ठिपका होता.

"प्रणाली, हा लाल ठिपका कसला?"

"दादा दोराच्या टोकाला लाल टेप लावतो. उसवू नये म्हणून."

नूतनचं बोट त्या ठिपक्यावर थांबलं. पण आधी हातातलं काम. तोच आदल्या दिवसाचा व्हिडिओ तिने पुन्हा एक्स्पोर्ट केला, यावेळी सगळ्यात लहान आकारात. फाइल चिमूटभर झाली. लावून बघितली. खाडी होती, होडी होती, पांढरा दोर होता. हिरवी रेघ गेली होती. चिखलाच्या रंगात विरघळून गेली होती.

"अगं बाई," प्रणालीच्या तोंडून निघालं. "इथं पण एकच दोर!"

"चित्र लहान केलं की बारीक रेघा आधी मरतात. त्या दिवशी दोर असो की नसो, एवढ्याशा व्हिडिओत तो दिसलाच नसता. तुझ्या दादाला गावाने ज्या पुराव्यावर फासावर चढवलं, तो पुरावाच नव्हता."

प्रणाली हसायला लागली आणि हसता हसता रडली. नूतनला मात्र हसू येईना. 'बारीक रेघा आधी मरतात' हे वाक्य तिचंच होतं. चार वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसवून तिने ते एकाला शिकवलं होतं. वधूच्या साडीचा जरीकाठ दिसायला हवा असेल, तर लहान करू नकोस, हर्षद.

मग तिने फोटो मोजले. दिवसाचे तेरा तास आणि तासाला बारा फोटो, म्हणजे एकशे छप्पन्न. सेकंदाला चोवीस फोटो पळतात, म्हणून रोजचा व्हिडिओ साडेसहा सेकंदांचा. आदल्या दिवशी एकशे छप्पन्न. त्याच्या आदल्या दिवशीही तेवढेच.

पौर्णिमेच्या दिवशी एकशे चव्वेचाळीस.

अर्धा सेकंद कमी होता. म्हणजे एक तास.

कुठला? तिने धक्क्याच्या पायऱ्यांवर बोट ठेवून एकेक फोटो पुढे सरकवला. दुपारच्या भरतीनंतर पाणी सावकाश उतरत होतं, फोटोमागून फोटो, वीत वीत. आणि मग एकाच उडीत तीन पायऱ्या उघड्या पडल्या. ओहोटी अशी उडी मारत नसते. चार ते पाच. होड्या चिखलात बसतात ती वेळ, गडी झोपतात ती वेळ.

"ताई, म्हणजे त्या तासात कोणतरी आलं," प्रणालीचे डोळे चमकले. "दोर सोडला. आणि हर्षददादानं त्याला वाचवलं. कोण?"

नूतनने तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला होता, जिथे वलांडीखाली त्या दोराची लाल टेप अडकली होती तिथे.

"तू घरी जा, बाळा," ती म्हणाली. "आईजवळ बस."

५

हर्षद गच्चीवर कॅमेऱ्याची काच पुसत होता. नूतन वर येताना दिसली तसा त्याचा हात थांबला.

"चार ते पाच," नूतन म्हणाली. "बारा फोटो."

खिशातून त्याने मेमरी कार्ड काढलं. छोट्या प्लास्टिकच्या डबीत, देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून ठेवलेलं.

"पुसायला घेतलं होतं, ताई. तीनदा घेतलं. हात धजला न्हाय."

"दाखवू नकोस अजून. मी सांगते, चूक असेल तर थांबव. वलांडीचा दोर तुटला. बोंबिलांनी भरलेली टोपली अंगणात पडली होती, माशा बसत होत्या. ओहोटी होती. होडी चिखलात बसली होती आणि मागचा दोर सैल पडला होता. तिने तो नेला. रात्रीच्या भरतीआधी परत बांधू म्हणून."

हर्षद गुडघे पोटाशी घेऊन खाली बसला.

"माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "केसरकाकीनं ओंकारच्या ताटात मला जेवू घातलंय. कधी वेगळं ताट केलं न्हाय. त्या दिवसाचा व्हिडिओ टाकायचा राहिला होता. काका बुडाल्यावर फोटो उघडले, तर त्यात काकी. म्हटलं, ही बाई नवऱ्यामागं जीव देईल. तास काढला. दोर सकाळी दिसतो आन् संध्याकाळी दिसत न्हाय, हे कळू नये म्हणून आकार लहान केला. वाटलं, काहीच दिसलं न्हाय तर लोक वाऱ्यावर ढकलतील. उधाणावर ढकलतील."

"लोकांनी ओंकारवर ढकललं."

"बैठकीतच बोलणार होतो. उठलो पण होतो." त्याने हातातली डबी फिरवली. "समोर काकी बसलेली. काय बोलू? आईला वाचवू की भावाला? मी बसलो खाली. आता रोज व्हिडिओ टाकतो आणि रोज वाटतं, हा बघत असंल."

दोघांनी मिळून ते बारा फोटो बघितले. पहिल्यात चिखल रिकामा. चौथ्यात बाई, कमरेत वाकलेली. पाचव्यात तिच्या हातात हिरवं वेटोळं. सहाव्यात तिची पाठ. सातव्यात कुणी नाही.

तीन फोटो. व्हिडिओत घातले तर डोळ्याची पापणी लवायच्या आत संपले असते.

"काकीला माहीत न्हाय, ताई," हर्षद म्हणाला. "निदान तेवढं तरी राहू दे."

नूतनला काळे पडलेले बोंबील आठवले. सव्वीस दिवस दोरावरच राहिलेले, कुणालाही हात लावू न दिलेले.

"तिला पहिल्या सकाळपासून माहीत आहे, हर्षद," ती म्हणाली. "तू जिच्यापासून लपवलंस, ती एकटीच ते जाणून आहे."

६

केसरने सगळं ऐकून घेतलं. नाकारलं काहीच नाही.

"कमरेत कळ होती," ती म्हणाली. "चुलीपुढं टेकले. भरतीआधी उठीन म्हटलं. डोळा लागला तो यांच्या हाकेनं उघडला. होडी गेली गो, होडी गेली. तेवढंच बोलले आणि पळाले. मी दारात आले आणि पहिला दिसला तो वलांडीवरचा दोर." तिने दोन्ही तळवे उलटे करून बघितले. "ओंकार म्हणत होता, दोन बांधले. मी समोर बसलेले. जीभ उचलंना. त्याच्याकडं बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. म्हणून बघितलं न्हाय. आणि त्याला वाटलं..."

प्रणाली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आईजवळ आली नाही आणि लांबही गेली नाही. दाराची चौकट धरून तिथेच खाली बसली.

त्याच संध्याकाळी केसर देवळापुढे गेली आणि चार माणसांत म्हणाली, "दोर मी काढला." अनंता चष्मा पुसू लागले. दीपेशने तोंड फिरवून डोळे टिपले. कुणी तिला बोल लावला नाही, आणि ओंकारबद्दल जे बोलले होते तेही कुणी परत घेतलं नाही. माणसं हळूहळू उठून आपापल्या घरी गेली. ज्याला हे ऐकायचं होतं तो तिथे नव्हता.

सकाळी केसर स्टुडिओत आली. सोबत हर्षद होता.

"ओंकार व्हिडिओ बघतो म्हणतात. ते तीन फोटू टाक त्यात."

नूतनने टाकून दाखवले. खाडी भरली, उतरली आणि संपली.

"मी कुठं हाय?"

"येऊन गेलात, काकी. एवढंच असतं ते."

केसर कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. "चोरासारखी पळाले," ती म्हणाली. "असं नको. नूतनबाय, यात माणूस दिसायचं तर किती उभं राहावं लागतं?"

"दोन तास. न हलता. मग एक सेकंद दिसतं."

"दोन तासांचा एक?"

"मी व्हिडिओ हळू करू शकते. कडा कापून तुम्हाला मोठं दाखवू शकते. मग दोरही नीट दिसेल."

"नको." केसरच्या आवाजात जुनी धार आली. "काही कापू नको. काही लहान-मोठं करू नको. तेच करून पोर घालवलंय. त्याला रोज दिसते तशीच खाडी दे. मी उभी राहीन."

त्या दिवशी ओहोटी लागली तशी ती वलांडीपाशी गेली. एकेक बोंबील काढून टोपलीत ठेवला, हिरवा दोर सोडला, वेटोळं केलं. धक्क्याच्या पायऱ्या उतरून चिखलात, रिकाम्या खुंट्याशेजारी जाऊन उभी राहिली. दोर दोन्ही हातांवर पुढे धरलेला, न्हालेलं मूल पुसायला घ्यावं तसा. ऊन कलतं झालं. बगळे तिच्याभोवती चरून गेले. कालवं काढायला आलेल्या बायांनी हाका मारल्या, तिने मान वळवली नाही. वर गच्चीवर कॅमेरा दर पाच मिनिटांनी एकदा डोळा मिटून उघडत होता.

नूतनने व्हिडिओ पूर्ण आकारात एक्स्पोर्ट केला. पट्टी भरायला बराच वेळ लागला. पाण्यावरच्या बोटीत रेंज कसली असते ते तिला माहीत होतं. नेट कमी पडलं की मोबाइल चित्र आपणच लहान करून टाकतो, तिथे तिची मात्रा चालत नव्हती. म्हणून तिने स्वतःच्या मोबाइलवर तो सगळ्यात वाईट दर्जात लावून बघितला. खाडी चिखलाच्या डागासारखी झाली. लाल टेप गेली. हिरवा दोर गेला. खुंटासुद्धा गेला.

पण चार सेकंद उलटल्यावर त्या डागात एक उभी काळी रेघ उमटली, एक पूर्ण सेकंद थांबली आणि गेली.

कुणाला ती बाई वाटली असती, कुणाला काठी.

"त्याला कळंल का, ताई?" प्रणालीने विचारलं.

नूतनने अपलोडचं बटण दाबलं. पानावर व्हिडिओ चढला. रात्रीपर्यंत एक्केचाळीस जणांनी बघितला. ते एक्केचाळीस कोण, हे सांगायची सोय त्या पानावर नव्हती. दुसऱ्या दिवशी केसर पुन्हा उभी राहिली; एकोणचाळीस. मग चव्वेचाळीस. ओहोटी रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकत होती, आणि तिच्याबरोबर व्हिडिओतला तो एक सेकंदही.

अकराव्या दिवशी केसरला ताप होता. प्रणालीने तिच्या अंगावर गोधडी घातली, कपाळावर पट्टी ठेवली. केसर छताकडे बघत पडली होती. बाहेर होड्यांचे तळ एकामागून एक चिखलाला टेकल्याचे आवाज आले, आणि तिने गोधडी बाजूला सारली.

"दोर दे गो," ती म्हणाली.

प्रणालीने खुंटीवरचा दोर काढून तिच्या हातांवर ठेवला.